खांदेपालट : पन्हाळा ते विशाळगड, पावसातला दुसरा दिवस

थ्रेड. लांब आहे, सवडीने वाचावा.

जुलै महिन्यात पन्हाळ्यावरून विशाळगडाकडे पायी निघणाऱ्यांची आता गणती राहिलेली नाही. मोहिमा निघतात, भगवे ध्वज निघतात, घोषणांनी पुसाटी बुरूज दुमदुमतो. या थ्रेडचा विषय त्याहून पुष्कळ लहान आहे. एका छोट्या गटाचा या वाटेवरचा दुसरा दिवस, आणि त्या दिवशी एकदाही न थांबलेला पाऊस.

गट सोळा जणांचा होता. महाविद्यालयातली मुले-मुली आणि वाटाड्या म्हणून त्याच भागातले एक वयस्क शेतकरी, ज्यांना सगळे मामा म्हणत. गटात इतिहासाचा एक विद्यार्थी होता. प्रत्येक थांब्यावर तो प्लास्टिकच्या पिशवीतून वही काढी आणि काहीतरी टिपून घेई, म्हणून पहिल्या दुपारीच त्याचे नाव ‘वहीवाला’ पडले. आपण या वाटेवर भक्तिभावाने आलो नाही, असे तो सर्वांना सांगत असे. त्याला एक हिशेब तपासायचा होता.

हिशेब साधा होता. पन्हाळा ते विशाळगड हे अंतर डोंगरवाटेने सुमारे ६० किलोमीटर भरते. आजचे पदयात्री पाठीवर सॅक आणि पायांत चांगले बूट असूनही त्याला दोन-अडीच दिवस घेतात. १६६० साली तेच अंतर एक रात्र आणि पुढचा दिवस एवढ्यात कापले गेले. पाऊस तोच, चिखल तोच. शिवाय पाठीवर शत्रू आणि खांद्यावर पालखी. वहीच्या पहिल्या पानावर त्याने दोनच शब्द लिहिले होते, ‘कसे जमले?’ आणि शेजारी, जरा लहान अक्षरात, ‘जमले का?’

प्रसंगाची पूर्वपीठिका बहुतेकांना ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगणे भाग आहे. अफझलखान १० नोव्हेंबर १६५९ रोजी मारला गेला आणि अवघ्या अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा शिवाजी महाराजांच्या हाती आला. विजापूरला हे सोसणारे नव्हते. पुढच्या मार्चमध्ये सिद्दी जौहर ‘सलाबतखान’ हा किताब मिरवीत मोठ्या फौजेनिशी गडाखाली आला आणि त्याने वेढा घातला. महाराज आत होते. नेताजी पालकरांनी बाहेरून वेढा फोडण्याचा केलेला प्रयत्न फसला. राजापूरच्या वखारीतला इंग्रज हेन्री रेव्हिंग्टन तोफा व दारूगोळा घेऊन जौहरच्या मदतीला आला; त्याचे मोल त्याला पुढच्या वर्षी राजापुरात कैद होऊन चुकवावे लागले. उत्तरेकडून शायिस्ताखान मे महिन्यात पुण्यात येऊन बसला होता. म्हणजे एकाच उन्हाळ्यात दोन बाजूंनी दोन सत्ता, आणि राजा मधल्या एका गडावर अडकलेला.

अशा वेळी गडावरच्या माणसाची आशा आभाळाकडे असते. त्या काळात पावसाळा लागला की फौजा छावणीला जात आणि दसऱ्यानंतरच पुन्हा सीमोल्लंघन होई. पाऊस हा तटाच्या आतल्यांचा मित्र मानला जाई. त्याच पावसात फिरंगोजी नरसाळ्यांनी चाकणचा भुईकोट शायिस्ताखानाशी पन्नासहून अधिक दिवस झुंजवला. पन्हाळ्याखाली मात्र जौहरने पावसाला दाद दिली नाही. वेढा ज्येष्ठात टिकला, आषाढातही टिकला.

पहिल्या दिवशी गटाने मसाईचे पठार ओलांडले आणि करपेवाडीच्या परिसरात, एका उंचवट्यावर, तंबू ठोकले. दुकानदाराने तंबू जलरोधक असल्याचे सांगितले होते. पहाटे तीनच्या सुमारास वहीवाल्याच्या तंबूचे छत पाण्याच्या भाराने आत झुकले, शिवणीतून थेंब गळू लागले आणि झोपेच्या पिशवीचा पायाकडचा भाग भिजून जड झाला. चौघे जण मधोमध अंग चोरून बसले. कोणी बोलेना. शेवटी छतावरचे पाणी पाडण्यासाठी वहीवाला बाहेर आला, आणि तिथेच थबकला.

काळोख नव्हता.

आभाळ एकसंध ढगांनी भरलेले होते, पाऊस सरळ पडत होता, चंद्राचा मागमूस नव्हता. तरीही सभोवार एक राखी उजेड भरून राहिला होता. स्वतःचा हात दिसत होता. दहा पावलांवरचा तंबू आकाराने कळत होता. मात्र त्या तंबूजवळ उभा असलेला माणूस कोण, हे ओळखता येत नव्हते. पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. गटाने मोहिमेचे दिवस तिथीप्रमाणेच धरले होते.

येथे तारखेचा एक गुंता सोडवून घेतला पाहिजे, कारण पुष्कळ तरुण वाचक तेथे अडखळतात. पन्हाळ्यावरून निसटल्याची रात्र १२ जुलै १६६०, असे आपण वाचतो. ही तारीख ज्युलियन पंचांगातली आहे. इंग्रज त्या काळी तेच वापरत. आज आपण वापरतो त्या ग्रेगरियन पंचांगात ती २२ जुलै येते. शिवकालातल्या आपल्या परिचयाच्या बहुतेक तारखा, अगदी राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही सुद्धा, याच जुन्या मोजणीच्या आहेत. दहा दिवसांचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. सह्याद्रीत तो किरकोळ नाही. जुलैच्या सुरुवातीला जमीन अजून पाणी पीत असते; बाविशीपर्यंत ती तुडुंब होऊन पाणी ओकू लागते. ओढ्यांना उतार मिळत नाही, खाचरांचे बांध भुसभुशीत होतात, जांभ्या दगडावर शेवाळ धरते.

पंचांग आणखीही एक गोष्ट सांगते. ती रात्र आषाढी पौर्णिमा आणि वद्य प्रतिपदा यांच्या सांध्यावरची होती. चांदण्या रात्री वेढ्यातून निसटण्याचा बेत करणे म्हणजे आत्मघात. पण ज्याला आषाढातल्या ढगांचा भरवसा आहे, त्याच्यासाठी त्याहून सोयीची रात्र नाही. मशाल न पेटवता पाऊल टाकण्यापुरता उजेड, आणि चौकीवरच्या पहारेकऱ्याला चेहरा ओळखू येणार नाही एवढा अंधार. अमावास्येला पहिले जमले नसते, निरभ्र पौर्णिमेला दुसरे. वहीवाल्याने पहाटे बॅटरीच्या उजेडात हे सगळे टिपून घेतले. ‘रात्र निवडलेली असावी,’ असे त्याने लिहिले, आणि ‘असावी’ खाली रेघ ओढली.

सकाळी ओले तंबू गुंडाळले तेव्हा त्यांचे वजन आदल्या दिवशीच्या दुप्पट वाटत होते. पोह्यांत पावसाचे पाणी पडले होते. ते तसेच खाल्ले. मामांच्या डोक्यावर घोंगडीची खोळ होती. मुलांचे रेनकोट तासाभरात आतून घामाने आणि बाहेरून पावसाने ओले झाले. मामांची घोंगडी भिजूनही ऊब धरून होती. लोकर भिजली तरी गार पडत नाही, हे धनगरांना आणि मावळ्यांना ठाऊक होते. ते विकत घ्यायला आज आपण महागड्या दुकानांत जातो.

साधारण साडेदहा वाजता अपघात झाला. वाट दोन खाचरांमधल्या बांधावरून जात होती. गटातली सर्वांत धाकटी मुलगी चौथ्या क्रमांकावर चालत होती. तिच्या पायाखालचा बांध खचला, पाऊल दोन दगडांत अडकले आणि शरीर पुढे गेले. ओरडली नाही, फक्त खाली बसली. बूट काढला तोवर घोटा फुगू लागला होता. फोनला रेंज नव्हती. मागे परतायला तीन तास, पुढे पांढरपाणी त्याहून लांब. मधे एक वाडी होती, दीड किलोमीटरवर.

“वाडीपत्तोर न्ह्यायचं,” मामा म्हणाले. “तिथनं जीपगाडीची वाट हाय.”

“मामा, मी चालते हळूहळू,” मुलगी म्हणाली.

“चालशील, पर उद्या पाय तुझा ऱ्हाणार न्हाई. गप बस बाळ.”

मामांनी कोयत्याने कळकाच्या दोन जाड काठ्या तोडल्या. तंबूचे कापड त्यांना गुंडाळून बांधले. डोली तयार झाली. चार धट्टीकट्टी मुले पुढे आली. दीड किलोमीटर म्हणजे वीस मिनिटे, असा त्यांचा अंदाज होता.

पुढचे दोन तास वहीवाल्याच्या वहीत सर्वांत जास्त जागा घेतात.

पहिली अडचण वाटेच्या रुंदीची. चार खांदे चार कोपऱ्यांवर घेतले की दोघे शेजारी-शेजारी चालावे लागतात, आणि वाट एका पावलाची होती. डावीकडचे दोघे बांधावर, उजवीकडचे दोघे गुडघाभर खाचरात, अशी स्थिती झाली आणि डोली कलंडू लागली. मामांनी ती खाली ठेवायला लावली, दोन्ही काठ्या एकत्र आवळून मधोमध एकच दांडा केला आणि कापड त्याखाली झोळीसारखे लोंबते ठेवले. आता वाहणारे एकामागे एक चालू शकत होते. पालखीला दांडी एक का असते, याचा वहीवाल्याने त्या क्षणापर्यंत कधी विचार केला नव्हता. ती शोभेसाठी नसते. ती या वाटांसाठी असते.

दुसरी अडचण पावलांची. पुढच्याचे आणि मागच्याचे पाऊल जुळले नाही की झोळी झुलते, आणि झुलली की घसरलेल्या पायाला सावरायला वेळ मिळत नाही. मागच्याला आपले पाय दिसत नाहीत; त्याच्या डोळ्यांसमोर फक्त झोळी असते. म्हणून पुढचा बोलत चालतो: दगड, पाणी, उतार, थांब. मामांनी त्याला एक लय दिली. अर्ध्या तासात ती सर्वांच्या तोंडी बसली.

तिसरी अडचण खांद्याची. सुरुवातीला दोनशे पावलांनी बदल करायचे ठरले होते. ते शंभरावर आले, मग पन्नासावर. ओल्या कपड्यांतून दांडा घसरत होता आणि घसरू नये म्हणून मान आवळावी लागत होती. खांदेपालट करताना थांबणे परवडेना, कारण थांबले की चिखलात पाय रुतत. त्यामुळे चालता चालताच नवा खांदा आत शिरायचा आणि जुना बाहेर निघायचा. ज्यांच्या खांद्यावर ओझे नव्हते त्यांनाही उसंत नव्हती. दोघे पुढे जाऊन वाट चाचपत, दोघे वाहणाऱ्यांच्या कोपरांना आधार देत, ओढ्यात चौघे पाण्यात उभे राहून कठडा करत. उरलेल्यांच्या पाठीवर सर्वांच्या सॅक होत्या. एका माणसाला नेण्यात सगळा गट गुंतला होता.

मुलगी झोळीत डोळे मिटून पडली होती. एकदा म्हणाली, “दादा, मला खाली ठेवा ना. तुम्ही सगळे माझ्यामुळे...”

“बोलू नकोस,” वहीवाला धापा टाकत म्हणाला, “पाऊल चुकतं.”

दीड किलोमीटरला दोन तास लागले. त्या वेगाने विशाळगड गाठायला तीन दिवस आणि तीन रात्री अखंड चालावे लागले असते. वरवर पाहता वहीतल्या ‘जमले का?’ या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी मिळाले होते.

पण इतिहासाचा अभ्यास येथे थांबत नाही, येथे सुरू होतो. वहीवाल्याने नंतर जे मांडले ते असे. महाराजांबरोबर सुमारे सहाशे माणसे होती, असे सांगितले जाते. हा आकडा आपण नेहमी लढवय्यांचा म्हणून वाचतो, आणि जौहरच्या फौजेपुढे तो केविलवाणा वाटतो. तोच आकडा खांदेपालटाचा म्हणून वाचला तर त्याचा अर्थ पालटतो. सहाशेंतले काही वाट चाचपणारे, काही पाण्यात उभे राहणारे, काही ओझी घेणारे, आणि पालखीला आळीपाळीने खांदा देणारे. दर काही पावलांनी ताजा खांदा, आणि प्रत्येक खांद्याला पुढच्या पाळीपर्यंत भरपूर विसावा. आता वेग पालखीच्या ओझ्यावर अवलंबून राहत नाही. तो नुसत्या चालणाऱ्याच्या वेगाजवळ पोहोचतो.

आणि चालणारे कोण होते? बांदलांची माणसे हिरडस मावळातली. भोरच्या बाजूचा तो मुलूख याच पावसाचा, याच उतारांचा, याच खाचरांचा. सोळा शहरी विद्यार्थ्यांना दोन तासांत जी लय जेमतेम साधली, ती त्यांच्या पायांत लहानपणापासून होती.

मसाईच्या पठाराचाही या हिशेबात वाटा आहे. पन्हाळ्यापासून सुटल्यावर लवकरच हा विस्तीर्ण सडा लागतो. मैलोगणती सपाट जांभा, वर पातळ गवत. पावसात तो निसरडा होतो, पण त्यात पाय रुतत नाही. निसटून निघालेल्या तुकडीसाठी रात्रीचे पहिले प्रहर सर्वांत मोलाचे, आणि नेमक्या त्याच प्रहरांत तिला धावण्याजोगी जमीन मिळाली. आदल्या दिवशी गटातल्या सर्वांनी त्या पठारावर धुक्याची छायाचित्रे काढली होती. वहीवाल्यानेही.

पाठलागाचा विचारही त्याने केला. सिद्दी मसूदचे घोडेस्वार मागून आले. घोडा उन्हाळ्यात पायदळापेक्षा वेगाने जातो; पण भरल्या खाचरात त्याचे पाय पोटापर्यंत रुततात आणि शेवाळलेल्या जांभ्यावर नाल ठरत नाही. पावसाने स्वाराचा वरचढपणा काढून घेतला होता. तरीही पाठलाग्यांनी विशाळगडाच्या अलीकडे घोडखिंडीपाशी गाठलेच. तेथे बाजीप्रभू देशपांडे बांदलांची माणसे घेऊन उभे राहिले. पुढे विशाळगडाच्या पायथ्याशी सुर्वे आणि दळवी यांचा वेढा होता. महाराजांना तोही फोडावा लागला. ही कथा प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते, म्हणून येथे विस्तार नको. पन्हाळ्यावर महाराजांच्या वेशात पालखीत बसलेल्या शिवा काशिदांचे नाव परंपरेने जपले आहे. बाजी आणि फुलाजी या बंधूंच्या समाध्या विशाळगडावर आहेत. दरबारात तलवारीच्या पहिल्या पानाचा मान जेध्यांनी पुढे बांदलांना दिला, असेही सांगितले जाते. पालखीचा दांडा ज्यांच्या खांद्यावरून त्या रात्री फिरत गेला, त्यांच्यासाठी मात्र कोणत्याही बखरीत ओळ नाही.

वाडी आली. चारच घरे. पहिल्याच घरातल्या आजींनी काही न विचारता दार उघडले, चुलीपुढची जागा रिकामी केली आणि मुलीला घोंगडीत गुंडाळले.

“भिजून चिंब झालीस गं बाय. पाय इकडं कर.”

आंबेहळद उगाळून त्यांनी घोट्यावर लेप दिला. बाहेरच्या पडवीत सोळांचे बूट, सॅक आणि पाण्याने जड झालेले तंबू यांचा ढीग झाला. कोणी हसू लागले, मग सगळेच हसू लागले. दोन तासांची भीती त्या हसण्यातून बाहेर पडत होती. काळा चहा आला. त्यात आले होते आणि थोडा धूर.

“कुठं निघालासा रं पोरांनो?” आजींनी विचारले.

“खिंडीकडं, आजी. पावनखिंड.”

“असल्या पावसात?”

“महाराज असल्याच पावसात गेले होते,” वहीवाला म्हणाला.

आजींनी चुलीत लाकूड सारले. “त्यास्नी जाणं भाग हुतं. तुमास्नी काय भाग हाय?”

वहीवाल्याने उत्तर दिले नाही. बाकीचेही चुलीकडे पाहत बसले.

दुपारी तीनच्या सुमारास मामांनी जीप ठरवून आणली. मुलीसोबत दोघांनी कोल्हापूरला परतायचे, बाकीच्यांनी पांढरपाण्याकडे चालू लागायचे, असे ठरले. परत कोण जाणार, यावर थोडा वेळ शांतता पसरली. खिंड उद्यावर आली होती. वर्षभर सगळ्यांनी तिचीच वाट पाहिली होती. वहीवाल्याने सॅक उचलून जीपमध्ये टाकली. एक मैत्रीणही चढली. पुढे जाणाऱ्यांनी निरोपाला हात हलवले आणि मामांच्या मागे, एकामागे एक, पावसात दिसेनासे झाले.

जीप सुटेपर्यंत वहीवाला पडवीत बसून लिहीत होता. ‘कसे जमले?’ या प्रश्नाखाली त्याने नावांची यादी केली होती. झोळीला पहिला खांदा कोणी दिला, दुसरा कोणी, ओढ्यात कोण उभे होते, कोणी कोणाची सॅक घेतली. दोन नावांच्या क्रमाबद्दल त्याला खात्री नव्हती, म्हणून त्याने झोळीतल्या मुलीला विचारले. तिने डोळे मिटले होते, पण क्रम तिला पाठ होता.